झुंबड आणि खैरटोल्याचे चार फोन

वडशात एका वर्षी एक कोडं पडलं होतं. नाटकाच्या सगळ्या तारखा संपल्या होत्या, आणि त्या कोणी घेतल्याच नव्हत्या.

वाक्य चुकलेलं नाही. सांगते.

वडसा हे गाव झाडीपट्टीतलं, म्हणजे महाराष्ट्राच्या पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यातलं. दिवाळी झाली की इथल्या गावागावांत मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. नाटक करणारी मंडळं वडशात आणि बघणारी गावं चारी दिशांना. ही गोष्ट घडली त्या काळात औषधं ड्रोनने अंगणात उतरत होती, शेतातलं तण यंत्रं काढत होती. नाटकं मात्र माणसंच करत होती. कोणीतरी एकदा रोबोटांचं नाटक आणलं होतं म्हणे. पहिल्या अंकात लोक चहा प्यायला उठले ते परत आलेच नाहीत.

कुठल्या गावाला कुठल्या रात्री कुठलं नाटक मिळणार, हे ठरायचं जुईच्या घरात. जुई नाकाडे सहावीत होती. तिच्या आईने, वृषालीने, बुकिंगसाठी एक सॉफ्टवेअर (यंत्राने काय, कधी आणि कशानंतर करायचं हे सांगणाऱ्या सूचनांचा संच) लिहिलं होतं. त्याचं नाव रंगखिडकी. वर्षातून एका सकाळी नऊ वाजता खिडकी उघडायची आणि सगळी गावं आपापल्या फोनवरून तारखा घ्यायची.

मागच्या वर्षी खिडकी उघडली आणि पाचच मिनिटांत सगळ्यांच्या फोनवर अक्षरं आली, ‘एकही तारीख शिल्लक नाही.’ गावं ओरडू लागली. संध्याकाळी आईने हिशेब पाहिला तर सहाशे तारखांपैकी फक्त अकरा विकल्या गेल्या होत्या. मग बाकीच्या गेल्या कुठे?

“गर्दीखाली सर्व्हर दबला, दुसरं काय,” आई म्हणाली. सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या फोनना उत्तरं देणारा मधला मोठा संगणक. सगळ्यांना ते पटलं. आईलाही पटलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

या वर्षी खिडकी उघडायच्या आधी मंडळांचे अध्यक्ष हिरामणजी बगमारे घरी आले. रंगभूमीवर ते राजा व्हायचे, पण त्या दिवशी खुर्चीच्या काठावर अवघडून बसले.

“वृषालीबाई, मागच्या साली मले तोंड दाखवाले जागा नव्हती. या साली पुन्हा तसंच झालं तं बुकिंग त्या बाहेरच्या कंपनीले द्या लागंल. मंडळं आता माहं ऐकत नाहीत.”

“ती कंपनी बोली लावते, हिरामणजी. जो जास्त देईल त्याला तारीख. लहान टोल्यांना, वीस-वीस घरांच्या वस्त्यांना, काय मिळेल?”

“मले समजत नाही का ते?” ते चहाच्या कपात बघत म्हणाले. “म्हणून तं म्हणतो, तुम्ही सांगत होत्या ते गर्दीचं यंत्र बोलवा. शंभर क्रेडिटचे पैसे देतो. एकशे एकावं मागू नका.”

ते गेल्यावर आईने लगेच यंत्राची मागणी नोंदवली. बुकिंग गेलं तर तिचं काम जाणार होतं, आणि दुसरं काम शोधायला वडसा सोडावं लागणार होतं. हे जुईला कोणी सांगितलं नाही. अशा गोष्टी घरात सांगाव्या लागत नाहीत.

गर्दीचं यंत्र नागपूरहून पार्सलने आलं. खोकं उघडलं तर आत वॉशिंग मशीनएवढा एक रोबोट होता. त्याच्या छातीवर जुन्या रिक्षाच्या मीटरसारखे आकडे होते, १००.

“नमस्कार. मी झुंबड. गर्दी करणं हे माझं काम.”

“मंडईत गर्दी फुकट मिळते, भाऊ,” आई म्हणाली. “तू पैसे घेतोस.”

“ती गर्दी तुमच्या सोयीने येत नाही, ताई. शिवाय मला थांब म्हटलं की मी थांबतो. खऱ्या गर्दीला म्हणून बघा.”

जुईला तो एकदम आवडला. “तू नेमकं करतोस काय?”

“भारचाचणी. म्हणजे खूप माणसं एकदम आली तर सॉफ्टवेअर टिकेल का, ते आधीच करून बघणं. माझ्याकडे आभासी माणसं आहेत. आभासी म्हणजे खरी नसलेली, पण खऱ्यासारखी वागणारी. तुमच्या खिडकीला वाटतं, चारशे लोक आले. आलेला असतो मी एकटाच.”

“हां! नाटकाच्या आधी मंडळातले लोक स्टेजवर उड्या मारून बघतात, तसं. फळी मोडायचीच असेल तर नाचाच्या आधी मोडावी.”

“अगदी तसंच. फक्त मी उडी मारत नाही. माझी चाकं नाजूक आहेत.”

“आणि हे शंभर?” जुईने त्याच्या छातीवर बोट ठेवलं.

“ती तुमची क्रेडिट. क्रेडिट म्हणजे आधीच पैसे भरून घेतलेली वापराची मापं. आता नीट ऐक. एक आभासी माणूस एक मिनिट थांबला तर ते झालं एक माणूस-मिनिट. अशी शंभर माणूस-मिनिटं झाली की एक क्रेडिट कमी होतं.”

जुईने डोळे बारीक केले. “म्हणजे शंभर माणसं एक मिनिट...”

“एक क्रेडिट.”

“आणि एक माणूस शंभर मिनिटं?”

“तेही एकच. मंडपाच्या खुर्च्या तासावर भाड्याने दिल्या असं समज. शंभर खुर्च्या एक तास घे किंवा एक खुर्ची शंभर तास घे, भाडं सारखंच.”

“एक खुर्ची शंभर तास कोण घेईल?”

“एखादा फार थकलेला माणूस,” झुंबड म्हणाला. आई त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

“पण सरळ महिन्याचं भाडं का नाही घेत?” जुईने विचारलं.

“घेतात काही जण. ज्यांच्याकडे रोज गर्दी, त्यांना ते परवडतं. तुमच्याकडे वर्षातून एक सकाळ. बाकीचे दिवस मी कोपऱ्यात उभा राहणार आणि तुम्ही माझ्यावर टॉवेल वाळत घालणार. त्यापेक्षा वापराल तेवढंच मोजलेलं बरं. मात्र मग किती माणसं आणि किती वेळ, हे दोन्ही तुम्हालाच विचार करून सांगावं लागतं. मी विचारणार नाही. मी फक्त मोजतो.”

आईने विचार केलेलाच होता. “चारशे गावं आहेत. चारशे माणसं, पाच मिनिटं.”

झुंबडच्या पोटात बारीक घरघर झाली. भिंतीवरच्या पडद्यावर चारशे ठिपके उमटले, खिडकीशी आले, तारखा घेतल्या आणि निघून गेले. कुठे अडखळले नाहीत. मीटर ८० वर आलं. चारशे गुणिले पाच, दोन हजार माणूस-मिनिटं, म्हणजे वीस क्रेडिट.

“काहीच झालं नाही!” जुई म्हणाली.

“हेच तर वाईट आहे,” आई म्हणाली. “मागच्या वर्षी झालं होतं ना. गर्दी कमी पडली असेल. हजार माणसं, सहा मिनिटं.”

हजार ठिपके आले. सहाशेंनी सहाशे तारखा घेतल्या, उरलेल्या चारशेंना खिडकीने सांगितलं की तारखा संपल्या, आणि तेही गुमान परत गेले. सर्व्हरला घामसुद्धा फुटला नाही. मीटरवर आता २० उरले.

आई पडद्याकडे बघतच राहिली. ऐंशी क्रेडिट खर्चून तिला एवढंच कळलं होतं की सगळं ठीक आहे, आणि तिला पक्कं ठाऊक होतं की सगळं ठीक नाही.

“उरलेल्या विसात दोन हजार माणसं आण,” ती झुंबडला म्हणाली.

“आणतो. एकच मिनिट थांबतील.”

तेवढ्यात फोन वाजला. खैरटोल्याचे डोमाजी मेश्राम होते. आईने आवाज मोठा केला आणि तशीच कपाळ दाबत बसली.

“बाई, खिडकी कधी उघडते?” मागे दहा-बारा माणसांचा गलका चालू होता. “या साली आम्ही तयारीनं हाओत. चार पोट्टे चार फोन घेऊन बसवतो. एक जण रडण्याचं नाटक धरून ठेवंल, एक हसण्याचं. बाकीचे दोघं दुसऱ्या दोन तारखा धरतील. तवरीक आमचं ठरते.”

“काय ठरतं, काका?” जुईने विचारलं.

“कोणतं नाटक पायजे ते! बायका म्हणतात रडण्याचं पायजे, रडल्याशिवाय नाटक पाहिल्यासारखं वाटत नाही. पोट्टे म्हणतात हसण्याचं. मंग हिरोईन कोण हाये ते पाहा लागते. ठरवाले वेळ लागते ना वं पोरी!”

“किती?”

“मागच्या साली तं पाऊण तास झाला, तरी ठरत नव्हतं. अन् तुमच्या खिडकीत बाकीच्या तारखा दिसत नव्हत्या, म्हणून आम्ही हातातल्या चार सोडल्याच नाहीत. सोडल्या अन् गेल्या तं? मंग ठरता ठरता खिडकीच बंद झाली.”

फोन बंद झाला. जुई झुंबडकडे वळली.

“तुझी माणसं भांडतात का?”

“नाही. ती एकेकटी येतात. त्यांना काय हवं ते आधीच माहीत असतं. घेतात आणि जातात.”

“अशी माणसं झाडीपट्टीत नाहीत!” जुई ओरडलीच. “आई, खैरटोल्याने चार तारखा धरल्या आणि एकही घेतली नाही. सगळ्या गावांनी तसंच केलं असेल तर?”

आई उठून उभी राहिली. तारखेवर बोट ठेवलं की ती त्या फोनसाठी राखून ठेवायची, बुकिंग पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला दाखवायची नाही, हा नियम तिनेच लिहिला होता. कोणी निवांत विचार करताना दुसऱ्याने तारीख पळवू नये, म्हणून. माणसाने मायेने एखादी गोष्ट करावी आणि तीच अंगाशी यावी, असं सॉफ्टवेअरमध्येही होतं.

“चारशे गावं, चार-चार फोन,” आई पुटपुटली. “सोळाशे तारखा धरल्या जाणार. आणि आहेत सहाशे.”

“म्हणजे तारखा संपल्या, पण घेतल्या कोणीच नाहीत!”

“तसं वाटतंय. पण करून बघायला हवं. झुंबड, सोळाशे माणसं चाळीस मिनिटं तारखा धरून बसली तर किती?”

“चौसष्ट हजार माणूस-मिनिटं. सहाशे चाळीस क्रेडिट.” तो क्षणभर थांबला. “तुमच्याकडे वीस आहेत. घाई करणारी माणसं स्वस्त पडतात, ताई. विचार करणारी महाग.”

आई पुन्हा खाली बसली.

जुई मात्र बसली नाही. शेजारच्या मंडळाची तालीम चालू होती, आवाज भिंतीतून ऐकू येत होता. तिथे काल तिने पाहिलं होतं, एवढ्याशा खोलीत अख्खी लढाई बसवत होते. दोन सैनिक इकडे, दोन तिकडे.

“आई, तालमीला अख्खं स्टेज कुठे लागतं? आपण वडसाच लहान करू. चाळीस मंडळं आहेत ना? दोनच घेऊ.”

आईने मान वर केली. “चाळिसाची दोन. म्हणजे सगळ्याचाच विसावा भाग घ्यायचा. गावं वीस. तारखा तीस.”

“आणि फोन ऐंशी,” जुई म्हणाली. “प्रत्येक गावाचे चार. प्रमाण तेच राहतं ना?”

“तेच राहतं,” झुंबड म्हणाला. “फक्त एक सांगून ठेवतो. लहान करून बघितलं की सगळंच कळतं असं नाही. खूप गर्दीत सर्व्हर टिकतो का, ते मोठ्या गर्दीतच कळतं. पण ते आपण आधीच बघितलंय.”

“म्हणजे ती ऐंशी वाया गेली नाहीत?” आईने विचारलं.

“गर्दीची भीती गेली. तिची किंमत असते.”

मग झुंबडला त्याच्या माणसांना भांडायला शिकवावं लागलं. आईने सूचना लिहिल्या: ‘तारीख धर. थांब. दुसरी बघ. पहिली सोडू नको.’ जुईने त्यात भर घातली: ‘मध्येच उठून पाणी पिऊन ये.’

“हे आवश्यक आहे का?” झुंबडने विचारलं.

“डोमाजीकाकांना ओळखत नाहीस तू.”

ऐंशी ठिपके आले. पहिल्याच मिनिटात तीसच्या तीस तारखा लाल झाल्या, म्हणजे धरल्या गेल्या. उरलेले पन्नास ठिपके खिडकीबाहेर घुटमळत राहिले. दुसरं मिनिट गेलं, तिसरं गेलं. पडद्यावर अक्षरं होती, ‘एकही तारीख शिल्लक नाही.’ खाली विक्रीचा आकडा होता, शून्य.

मागच्या वर्षीची सकाळ त्यांच्यासमोर होती, तळहाताएवढी.

“थांब! थांब, झुंबड!” जुई म्हणाली. “कळलं आता. पुढे कशाला खर्च?”

ठिपके विझले. ऐंशी माणसं, पाच मिनिटं, चार क्रेडिट. मीटरवर सोळा उरले.

“बहुतेक लोक थांबवायला विसरतात,” झुंबड म्हणाला. “चाचणी चालू आहे म्हणून चालू ठेवतात. पैसे लागतात ते वेळेला. कळण्याला लागत नाहीत.”

पुढचे दोन दिवस आई संगणकासमोरून फक्त जेवायला उठली, आणि तेही जुईने तीनदा हाक मारल्यावर. तिने खिडकीचे दोन भाग केले. पहिला ओसरी. तिथे सगळी नाटकं, सगळ्या तारखा बघा, हवं तेवढं भांडा, काहीच धरलं जात नाही. दुसरा उंबरठा. सगळं ठरलं की तिथे यायचं. एका गावाला एका वेळी एकच तारीख धरता येईल, तीही तीन मिनिटं, नाव-पत्ता भरण्यापुरती.

“आणि उंबरठ्यावर पुन्हा भांडले तर?” जुईने विचारलं.

“तर तारीख मोकळी. पुन्हा ओसरीवर जा.”

पुन्हा ऐंशी ठिपके आले, या वेळी पंधरा मिनिटांसाठी. बारा क्रेडिट जाणार होती आणि फसलं तर आणखी एक पूर्ण चाचणी करण्याएवढं काही उरणार नव्हतं. ओसरीवर ठिपक्यांची दाटी झाली. मग एक उंबरठ्यावर आला, तारीख घेतली, गेला. दुसरा आला. एक तारीख लाल होऊन तशीच राहिली आणि तीन मिनिटांनी पुन्हा हिरवी, म्हणजे मोकळी, झाली. जुईने आईचा हात धरला होता तो सोडलाच नाही. पंधराव्या मिनिटाला वीसच्या वीस गावांकडे नाटक होतं. तारखा दहा उरल्या होत्या.

खरी सकाळ उजाडली. हिरामणजी नऊच्या आधीच येऊन बसले. नऊला खिडकी उघडली. पाच मिनिटं झाली. कोणीच ओरडलं नाही. उलट इतकी शांतता होती की हिरामणजींनाच चैन पडेना.

“चालू हाये ना?”

“चालू आहे. लोक भांडताहेत,” आई म्हणाली.

साडेनऊपर्यंत शंभरेक तारखा गेल्या. दहा वाजता फोन आला. डोमाजी मेश्राम रागावलेले होते. “बाई, आमची तारीख गेली! सगळं ठरलं, नाव भरत होतो, तं आमच्या भाच्यानं म्हटलं हिरोईन बदलली हाये. झालं ना पुन्हा सुरू! तीन मिनिटं काहून ठेवले तुम्ही?”

हिरामणजींनी आईकडे पाहिलं. जुईने पडद्यावर ती तारीख शोधली.

“काका, गेली नाही. सुटली फक्त. अजून मोकळी दिसते. आधी ठरवा आणि मग घ्या.”

“पक्कं?”

“पक्कं. पण हिरोईनचं आधी बघा.”

वीस मिनिटांनी खैरटोल्याचं नाव यादीत आलं. नाटक रडण्याचं होतं. बायका जिंकल्या होत्या.

दुपारी दोनपर्यंत तीनशे ब्याण्णव गावांनी तारखा घेतल्या. उरलेली आठ अजून ओसरीवर होती आणि त्यांच्यासाठी तारखा भरपूर होत्या. हिरामणजी उठले, टोपी सारखी केली. राजाचं भाषण येईल असं जुईला वाटलं. पण ते एवढंच म्हणाले, “पुढल्या साली पण तुम्हीच पाहा, बाई. मी सांगतो मंडळाईले.” आई हो म्हणाली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवत राहिली.

झुंबड परत जायला निघाला. खोक्यात शिरण्याआधी त्याने मीटर दाखवलं. “चार क्रेडिट उरलीत. वर्षभर चालतात. मी इथे असण्याची गरज नाही, दुरूनही गर्दी करता येते.”

“चारशे माणूस-मिनिटं,” जुई म्हणाली. तिच्या डोक्यात शाळेच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आला. दर वर्षी शेवटच्या दिवशी त्याचं पान बंद पडायचं आणि मुलांचे अर्ज राहून जायचे. “चाळीस माणसं दहा मिनिटं, की दहा माणसं चाळीस मिनिटं?”

“ते मला माहीत नाही,” झुंबड म्हणाला. “माझी माणसं तुम्ही शिकवाल तशी वागतात.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर जुई घरी आली नाही. ती बाजारातल्या सेवा केंद्रात गेली. तिथे लोक अर्ज भरायला बसतात. ती बाकाच्या टोकाला बसली आणि हातातलं घड्याळ समोर धरलं. शेजारी एक बाई मुलीचा अर्ज भरत होत्या. फोटो चढत नव्हता. फोनवर आलेला आकडा सापडत नव्हता. मुलीचं लक्ष बाहेरच्या भेळेच्या गाडीकडे होतं.

“का पाहतेस वं पोरी?” बाईंनी विचारलं.

“तुम्हाला किती वेळ लागतो ते.”

बाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं, मग पिशवी उचलून तिच्यासाठी जागा केली.

“मंग नीट टेकून बस. लय वेळ लागते.”